बडोद्यातली ‘एलओआर’ सेवा: पैसे कशाचे द्यावेत, कशाचे नाहीत

अलकापुरीपासून फतेहगंजपर्यंत ‘फॉरेन एज्युकेशन’च्या पाट्या मोजायला निघालात, तर वाटेत दोनदा चहा प्यावा लागेल. एमबीएच्या अर्जाचं पॅकेज म्हणून तिथे बहुतेक ठिकाणी तीन गोष्टी सांगतात: निबंध, सीव्ही आणि एलओआर, म्हणजे शिफारसपत्रं. पहिल्या दोन अर्जदाराच्या स्वतःच्या आहेत. त्यात कुणाची किती मदत घ्यायची, ते ज्याचं त्याने ठरवावं. तिसरी गोष्ट अर्जदाराची नाहीच, ती त्याच्या साहेबांची आहे. तरी ती पॅकेजात घालून बिनदिक्कत विकली जाते. हे परीक्षण तेवढ्या तिसऱ्या गोष्टीपुरतं आहे.

कोणत्याही दुकानाचं नाव घेत नाही, कारण पाट्या वेगळ्या असल्या तरी माल तीनच प्रकारचा असतो. पहिला: ‘पत्र आम्हीच लिहून देतो, साहेबांची सही आणा.’ दुसरा: ‘साहेबांनी लिहू दे, आम्ही सुधारून देतो.’ तिसरा जाहिरातीत सहसा दिसत नाही, विचारावा लागतो. त्यात सल्लागार पत्राला हात लावत नाही, पण तारखा, लिंक, आठवणी, साहेबांच्या अडचणी ही सगळी हमाली करतो. पहिला फुकट मिळाला तरी घेऊ नका. दुसरा टाळा, एक अपवाद आहे तो पुढे येईल. तिसऱ्याचे पैसे खुशाल द्या.

आधी पत्र जातं कसं ते बघू. कलाभवनात, म्हणजे सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या आणि आज म. स. विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी असलेल्या त्या संस्थेत, जुन्या प्राध्यापकांची पद्धत ठरलेली होती. पत्र टाइप करायचं, लिफाफ्यात घालायचं, झाकण चिकटवायचं आणि अर्धी सही झाकणावर, अर्धी लिफाफ्यावर येईल अशी आडवी मारायची. लिफाफा न्यायचा विद्यार्थ्यानेच, पण उघडला तर सही तुटणार. सगळी गोपनीयता त्या एका सहीत होती. आता लिफाफा गेला आणि झाकणावरच्या सहीचं काम ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलकडे आलं.

अर्जात ‘रेकमेंडर’ म्हणून एक भाग असतो. तिथे साहेबांचं नाव, हुद्दा, कंपनी, तुमच्याशी नातं (थेट वरिष्ठ, माजी वरिष्ठ, ग्राहक इत्यादी), ईमेल आणि फोन भरायचा. सोबत एक प्रश्न येतो: पत्र बघण्याचा हक्क तुम्ही सोडता का? दोन गोल, एकावर टिंब द्यायचं. मग ‘पाठवा’ दाबलं की साहेबांच्या मेलवर लिंक जाते. साहेब ती उघडून गुणांचा तक्ता भरतात, उत्तरं लिहितात, सबमिट करतात. तुमच्या स्क्रीनवर दिसते ती फक्त स्थिती: पाठवलं, सुरू केलं, मिळालं. मजकूर कधीच दिसत नाही. नीट बघितलं तर या व्यवहारात सल्लागाराला जागाच नाही. त्याला शिरायचं असेल तर तुमच्या खिडकीतून किंवा साहेबांच्या खिडकीतून चोरूनच शिरावं लागतं.

हक्क सोडण्याच्या त्या प्रश्नावर बडोद्यात जेवढे चुकीचे सल्ले मिळतात तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावर मिळत असतील. म्हणून जरा थांबून. हा प्रश्न अमेरिकेच्या १९७४ च्या कायद्यातून आला. त्याचं नाव फॅमिली एज्युकेशनल राइट्स अँड प्रायव्हसी अ‍ॅक्ट, बोलताना ‘फर्पा’. विद्यार्थ्याला स्वतःची शैक्षणिक फाइल बघायचा हक्क हा कायदा देतो आणि शिफारसपत्रही त्या फाइलमध्ये बसतं. पण हा हक्क आहे त्या संस्थेत दाखल झालेल्या विद्यार्थ्याचा. नुसत्या अर्जदाराचा नाही. नकार आलेल्याला तर मुळीच नाही. तेव्हा ‘नाही सोडत वर टिंब द्या, म्हणजे साहेबांनी काय लिहिलंय ते कळेल’ असं कुणी सांगितलं, तर निकालाआधी काहीही कळणार नाही. कळलंच तर कॉलेज सुरू झाल्यावर, म्हणजे त्याचा उपयोग संपल्यावर.

हक्क सोडणं ऐच्छिक आहे. ते केल्याशिवाय प्रवेशच नाही, अशी अट शाळेला, म्हणजे बिझनेस स्कूलला, घालता येत नाही. सोडलात तरी पत्रं कुणी दिली त्यांची नावं मागितल्यावर कळवावी लागतात, आणि पत्र ज्या कामासाठी मागवलं त्याच कामासाठी वापरायचं असतं. नंतर हक्क परत मागता येतो, पण तो पुढच्या पत्रांपुरता. हक्क सोडून झाल्यावर आलेलं पत्र त्याने उघडं होत नाही.

मग टिंब कुठे द्यायचं? ‘सोडतो’ वर. कायद्याच्या भीतीने नव्हे, साहेबांसाठी. बऱ्याच पोर्टलवर तुम्ही काय निवडलं ते साहेबांना फॉर्ममध्येच दिसतं. हक्क राखून ठेवलेला दिसला की माणूस सावध होतो आणि सावध माणूस गुळमुळीत लिहितो. प्रवेश समितीही ते पत्र तेवढ्याच सावधपणे वाचते. बहुतेक ठिकाणी लिंक गेल्यावर ही निवड बदलता येत नाही, तेव्हा घाईत दाबू नका.

याच्या उलट टोकाचा सल्लाही फिरतो: ‘हक्क सोडलात आणि साहेबांनी पत्र दाखवलं तर फ्रॉड होतो.’ हेही खोटं. हक्क सोडणं हा तुमच्यात आणि शाळेत झालेला करार आहे. साहेबांनी आपण होऊन दाखवलं तर तो त्यांचा निर्णय. शाळांच्या सूचनांमध्ये मनाई आहे ती वेगळ्या गोष्टीला: पत्र अर्जदाराने लिहू नये, मसुदा करू नये, भाषांतर करू नये. दाखवणं आणि लिहिणं यांतला फरक सल्लागाराच्या टेबलावर नेहमी पुसला जातो, कारण तो पुसण्यातच त्याचा धंदा आहे.

अमेरिकेबाहेर फर्पा लागू नाही. ब्रिटनमध्ये २०१८ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यात शिक्षण किंवा नोकरीसाठी गोपनीय म्हणून दिलेली शिफारस माहिती-मागणीतून वगळली आहे. लंडनच्या किंवा केंब्रिजच्या शाळेकडे ‘माझी माहिती द्या’ असा अर्ज केला, तरी ते पत्र बाहेर काढणं त्यांना बंधनकारक नाही. तिथे टिंबाचा प्रश्नच येत नाही, म्हणून काही पोरं घाबरतात की पान लोड झालं नाही. झालंय. प्रश्नच नाही.

आता पहिल्या प्रकारची सेवा. तिची मुळं आपल्याकडच्या सवयीत आहेत, एकट्या सल्लागाराला दोष देऊन भागणार नाही. मकरपुरा जीआयडीसीतल्या शेठकडे पत्र मागायला गेलात की उत्तर ठरलेलं: ‘तू लखी लाव ने, हूं सही करी दईश.’ मराठी साहेब असले तर ‘अरे, तूच लिही बाबा, तुला चांगलं जमतं, मी सही ठोकतो.’ यात कपट काही नसतं, वेळ नसतो. सल्लागार तेवढ्या फटीत पाचर मारतो आणि दोन पत्रं तयार करून देतो.

ती पत्रं कशी असतात? पहिल्या ओळीत ‘मला अत्यंत आनंद होतो की’. दुसऱ्या परिच्छेदात मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर आणि उत्तम संवादकौशल्य. शेवटी ‘आपल्या नामांकित संस्थेस तो भूषण ठरेल.’ नाव बदललं की कुणालाही चालेल, आणि नाव बदलून चालवलेलंच असतं. आता समजा, प्लांटच्या एखाद्या मॅनेजरने स्वतः लिहिलं: ‘कूलिंग वॉटरचा पंप दर पावसाळ्यात बसायचा. आम्ही सील बदलून मोकळे व्हायचो. याने दोन महिने व्हायब्रेशनची नोंद ठेवली आणि दोष पंपात नसून पायाच्या ग्राउटिंगमध्ये आहे हे दाखवलं. मेंटेनन्सच्या माणसांना ते पटवताना मात्र आवाज चढवला, त्यावर मी त्याला बोललो.’ इंग्रजी मोडकं असेल तरी चालेल. हे पत्र सल्लागाराला लिहिता येणार नाही, कारण त्याला पंपही माहीत नाही आणि ती बोलाचालीही नाही.

आणि फॉर्म नेमकी तीच बोलाचाली मागतो. जीमॅट ही एमबीएची प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या जीमॅक संस्थेने बिझनेस स्कूलांसाठी एक सामाईक शिफारस-फॉर्म केला आहे, अनेक शाळा तो वापरतात. त्यात नात्याची थोडक्यात ओळख, सुमारे ५० शब्द. मग दोन मुख्य प्रश्न, प्रत्येकी सुमारे ५०० शब्दांचे: तशाच कामातल्या इतर सक्षम लोकांच्या तुलनेत हा कसा, उदाहरणं द्या, आणि तुम्ही याला दिलेला सर्वांत महत्त्वाचा सुधारणेचा सल्ला कोणता, त्यावर याने काय केलं. याशिवाय पाच गटांत वाटलेल्या १२ गुणांचा तक्ता: पुढाकार, निकालावर लक्ष, इतरांना घडवणं, सचोटी, स्वतःची जाण वगैरे. सल्लागाराने लिहिलेलं पत्र दुसऱ्या प्रश्नावर हमखास पडतं. ‘तो जरा जास्तच काम करतो, त्याला विश्रांती घ्यायला सांगितलं’ हे उत्तर वाचून समितीतलं कुणी फसत असेल असं मानायला आधार नाही. तक्त्यातही १२ च्या १२ गुणांत सर्वोच्च खूण म्हणजे साहेबांनी तक्ता वाचला नाही याची खूण.

सल्लागाराने लिहून दिलेली पत्रं पकडली कशी जातात तेही सांगतो, कारण दुकानात ‘आजपर्यंत एकही पकडलं नाही’ हे वाक्य ऐकायला मिळतंच. निबंध आणि दोन्ही पत्रं एकाच हाताची असली की ते आधी कानाला कळतं: तोच जोड-शब्द, तीच परिच्छेदाची लांबी, तोच स्वल्पविराम. पत्र फाइल म्हणून चढवायचं असेल तर वर्डच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये लेखकाचं नाव राहतं. सल्लागाराच्या कॉम्प्युटरचं नाव साहेबांच्या पत्रात दिसलं, की पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. फॉर्म कोणत्या ठिकाणाहून भरला याची नोंद सिस्टममध्ये राहू शकते. अर्ज आणि दोन्ही शिफारसी एकाच वायफायवरून, मध्यरात्री, वीस मिनिटांच्या अंतराने आलेल्या असल्या तर दिसायचं ते दिसतं.

सगळ्यांत वाईट प्रकार म्हणजे साहेबांच्या नावाने बनवलेलं जीमेल खातं. मोठ्या कंपनीच्या मॅनेजरचा पत्ता जीमेलवर का, हा पहिला प्रश्न. मग प्रवेशानंतरची पडताळणी. अनेक अमेरिकी शाळा ‘रे वेरा’सारख्या बाहेरच्या संस्थेकडून प्रवेश मिळालेल्यांची नोकरी, पदवी आणि शिफारस देणारे तपासून घेतात. कंपनीच्या बोर्डावरून साहेबांना फोन लागतो, ‘हे पत्र तुम्हीच दिलं का?’ साहेबांना कसलं पत्र ते ठाऊकच नसेल, तर मिळालेला प्रवेश जातो. व्हिसाची तारीख, भरलेली डिपॉझिट, नोकरीचा राजीनामा, सगळं झाल्यावर जातो. सल्लागाराची फी मात्र तोवर जमा झालेली असते.

दुसरा प्रकार, म्हणजे सुधारून देण्याचा, सभ्य दिसतो म्हणून जास्त फसवतो. यात साहेबांचं पत्र आधी तुमच्याकडे येतं, तुमच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर सल्लागाराकडे, तिथून त्याच्या ‘एडिटर’कडे, आणि परत. चार फोनमध्ये पत्र पडलेलं असतं आणि अर्जात मात्र तुम्ही ‘हक्क सोडला’ म्हणून टिंब दिलेलं असतं. शिवाय सुधारणा म्हणजे होतं काय? साहेबांचं ‘त्याने लाइन बंद पडू दिली नाही’ हे वाक्य जाऊन ‘त्याने कार्यात्मक सातत्य सुनिश्चित केले’ छापाचं इंग्रजी येतं. कारखान्याचा वास गेला की पत्र गेलं. साहेबांच्या इंग्रजीला समिती मार्क देत नाही. भाषा तपासायचीच असेल तर साहेबांनी ती आपल्या माणसाकडून तपासून घ्यावी, तुमच्या माणसाकडून नको.

अपवाद म्हणालो तो हा: साहेबांना इंग्रजीत लिहिताच येत नसेल तर. वाघोडियाच्या किंवा नंदेसरीच्या युनिटात असे अनुभवी मालक भरपूर आहेत आणि त्यांची पत्रं उत्तम होऊ शकतात. अशा वेळी त्यांनी गुजरातीत, मराठीत, हिंदीत, जमेल त्यात लिहावं किंवा बोलून रेकॉर्ड करावं. भाषांतर तुमच्या नात्यातल्या नसलेल्या, अर्जाशी संबंध नसलेल्या तिसऱ्या माणसाने करावं, आणि शाळेच्या प्रवेश विभागाला आधी मेल करून हे चालेल का ते विचारावं. उत्तर लेखी येतं, ते जपून ठेवावं. हे भाषांतर चोख करून साहेबांच्याच हातात देणारा कुणी मिळाला, तर त्याचे पैसे द्यायला हरकत नाही. तुमच्या मेलवर ‘सीसी’ नको.

आता तिसरी सेवा, हमालीची. ही करणारे मोजके आहेत आणि ते फार बोलत नाहीत. यांच्याकडून नेमकं काय मागायचं ते माहीत असलेलं बरं, नाहीतर तेही हळूच ‘एक ड्राफ्ट बघायचा का?’ वर येतात.

मागायची पहिली गोष्ट म्हणजे कोणत्या शाळेला काय लागतं त्याचा तक्ता. इन्सीयाडला दोन शिफारसी. एमआयटी स्लोन एक पत्र मागते आणि वर आणखी दोन माणसांची फक्त नावं-पत्ते. हार्वर्डला दोन. हैदराबाद-मोहालीच्या आयएसबीलाही (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) शिफारस लागते. हे दरवर्षी थोडं हलतं, म्हणून तक्त्यात ‘शाळेच्या पानावर कधी बघितलं’ ती तारीख असली पाहिजे. गेल्या वर्षीचा तक्ता झेरॉक्स करून हातात ठेवणाऱ्याला तो परत करा.

दुसरी, वेळेचा हिशेब. यातच सर्वांत जास्त घोळ होतो. शाळेने दुपारी १२ ईस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ, म्हटलं तर सप्टेंबरमध्ये आपल्याकडे रात्रीचे ९:३० वाजलेले असतात, जानेवारीत १०:३०, कारण मधे त्यांची घड्याळं एक तास मागे जातात. संध्याकाळी ५ ईस्टर्न म्हणजे सप्टेंबरात दुसऱ्या दिवशीची पहाट, २:३०, आणि जानेवारीत ३:३०. ‘दुसऱ्या दिवशी’ हे शब्द साहेबांसाठी धोक्याचे आहेत. त्यांना खरी मुदत सांगूच नये. दहा दिवस आधीची तारीख सांगावी, तीही वारासकट. काही शाळा शिफारस थोडी उशिरा आली तरी घेतात, काहींना अर्जाबरोबरच हवी असते. दिलदार कोण आणि कडक कोण, हे आधी विचारून घेणं हमालाचं काम.

तिसरी, आपलं पंचांग. अर्जांच्या पहिल्या फेरीच्या मुदती सप्टेंबरच्या सुरुवातीला पडतात, म्हणजे बहुधा गणपतीच्या आगेमागे. दांडिया बाजारातले साहेब त्या दहा दिवसांत मेल उघडतील ही आशा सोडा. दुसरी फेरी जानेवारीच्या सुरुवातीला. तिची विनंती दिवाळीआधी गेली नाही तर कारखाने लाभ पाचमेपर्यंत बंद, मग लग्नसराई, मग नाताळात साहेब पोरांकडे न्यू जर्सीला, आणि परत येतात ते उत्तरायणाच्या पतंगांना. म्हणून पहिल्या फेरीसाठी जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, दुसरीसाठी सप्टेंबरअखेर भेट घ्यावी. भेटच, मेसेज नको.

त्या भेटीत काय बोलायचं, हे सल्लागाराने शिकवलं तर ती शिकवणी पैशाची आहे. ‘साहेब, शिफारस द्याल का?’ हा प्रश्न चुकीचा, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. ‘साहेब, दोन प्रश्नांची दीड पानं आणि एक तक्ता आहे, एकदा बसलं की दोन-तीन तास जातील. उदाहरणं देऊन चांगलं लिहाल असं वाटत असेल तरच हो म्हणा, नाहीतर मी दुसऱ्यांना विचारतो, राग मानणार नाही.’ यावर साहेब क्षणभर थांबले तर खुशाल दुसरं दार बघा. ‘लिहून आण’ म्हणालेच, तर: ‘लिहिलं तर माझाच अर्ज बाद होईल साहेब. पण आपण कुठली कामं एकत्र केली त्याची यादी आणून देतो.’

ती यादी एका पानाची. चार-पाच कामं, प्रत्येकाला महिना-वर्ष, आकडा काय बदलला तो, आणि साहेबांनी तेव्हा काय टोकलं होतं तेही. विशेषणं नकोत, वाक्यंही नकोत, नुसत्या नोंदी. पूर्ण वाक्य दिलंत की ते जसंच्या तसं पत्रात जातं आणि दोन्ही साहेबांच्या पत्रांत जुळं निघतं. दोघांना वेगवेगळ्या याद्या द्याव्यात. सोबत सीव्ही आणि शाळांच्या मुदती. ही मदत शाळांना चालते. रेषा इथे आहे: आठवण द्यायची, भाषा द्यायची नाही.

चौथी, साहेबांच्या टेबलावरची तांत्रिक मदत. लिंकचा मेल स्पॅममध्ये जातो किंवा कंपनीचा सर्व्हर तो अडवून ठेवतो. मोठ्या कंपन्यांत बाहेरच्या लिंका आयटीवाले उघडूच देत नाहीत, तिथे त्यांना आधी सांगून ठेवावं लागतं. ईमेलमध्ये एक अक्षर चुकलं तर काही पोर्टलवर तो पत्ता नंतर बदलता येत नाही, शाळेला मेल टाकावा लागतो, म्हणून ‘पाठवा’च्या आधी साहेबांकडून स्वतःला एक कोरा मेल मागवून पत्ता कॉपी करावा. साहेबांनी थेट फॉर्ममध्ये टाइप करू नये: पान मधेच लॉगआउट होतं आणि तासाभराचं लिखाण जातं. आधी वर्डमध्ये, मग पेस्ट. पाच शाळांना पाच वेळा तोच तक्ता भरायचा असतो, तिथे दमून चौथ्या शाळेच्या पत्रात तिसरीचं नाव राहतं. हे नेहमीचं आहे आणि घातक आहे. पत्रात शाळेचं नावच न घालणं हा साधा उपाय.

नोकरी सोडतोय हे साहेबांना कळू द्यायचं नसेल तर? तीन महिन्यांचा नोटीस पिरियड, बढतीची यादी, सगळं ध्यानात घेता ही भीती रास्त आहे आणि शाळांना ती समजते. आधीच्या कंपनीतले साहेब, कंपनी सोडून गेलेले वरिष्ठ, ज्यांच्यासाठी काम केलं तो ग्राहक, यांतलं कुणीही चालतं. अर्जातल्या ऐच्छिक निबंधात दोन ओळी लिहायच्या: सध्याच्या वरिष्ठांना सांगितल्यास नोकरीवर परिणाम होईल, म्हणून अमुक यांना विचारलं. तिथे रामायण नको. घरचाच धंदा असेल तर वडील किंवा काका चालत नाहीत. कंपनीचे सीए, बँकेचे अधिकारी, जुना पुरवठादार यांना विचारा. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांत एचआरचा नियम असतो की शिफारस द्यायची नाही, फक्त नोकरीच्या तारखा कळवायच्या. तिथे साहेब वैयक्तिक नात्याने देऊ शकतात का, हे त्यांनाच विचारून घ्यायला सांगा, तुम्ही एचआरकडे गेलात तर बातमी फुटली. कोयलीच्या रिफायनरीसारख्या सरकारी कंपन्यांत परवानग्यांचं प्रकरण लांबतं, तिथे जूनही उशीर आहे.

सल्लागार निवडताना त्याच्या केबिनमध्ये बसून विचारायचे प्रश्न थोडेच. माझ्या पोर्टलचा पासवर्ड लागतो का? ‘लागतो, आम्ही भरून देतो’ म्हणाले तर उठा; ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो साहेबांचा पत्ताही बदलू शकतो. माझ्याच कंपनीतला दुसरा कुणी तुमच्याकडे आहे का? नाव सांगू नका म्हणावं, पण हो असेल तर दोघांच्या याद्या एकाच माणसाकडे जाता कामा नयेत, साहेब बहुधा तेच असणार. काम संपल्यावर माझी कागदपत्रं कधी पुसता? आणि ‘नमुना एलओआर’ दाखवा. नमुन्यात खऱ्या माणसाचं नाव, कंपनी, आकडे तसेच असतील, तर पुढच्या वर्षी तुमचे असतील. भिंतीवर चिकटवलेल्या ऑफर लेटरपेक्षा हा एक कागद त्या दुकानाबद्दल जास्त सांगतो.

फीबद्दल एवढंच: एलओआरची वेगळी रक्कम पावतीवर ‘प्रति पत्र’ लावली असेल, तर ते पत्र लिहिण्याचेच पैसे आहेत, नाव काहीही दिलेलं असो. हमालीचा दर प्रति शाळा किंवा प्रति फेरी असतो.

स्थिती ‘मिळालं’ झाली की साहेबांना एक शेवटचं काम सांगायचं राहतं. पडताळणीचा फोन काही महिन्यांनी, बाहेरच्या नंबरवरून, अवेळी येऊ शकतो आणि साहेब तो विमा विकणाऱ्याचा समजून कापतात. तेव्हा आभार मानायला जाताना पेढे न्या, पत्राची कॉपी मागू नका, आणि त्यांनी भरलेल्या उत्तरांची एक प्रत त्यांच्याच कपाटात ठेवायला सांगा. फोन आला की बघायला.